‘सारखा’ जपून वापरणाऱ्या शेवडे बाई

पहाडगंजच्या आमच्या मराठी शाळेत, चौथीच्या वर्गात, ‘सारखा’ हा शब्द शेवडे बाईंच्या परवानगीशिवाय कुणी वापरत नाही. ‘चंद्र चांदीच्या ताटासारखा’ असं कुणी वाचलं, की बाई चष्मा कपाळावर सरकवून विचारतात, "चांदीचं ताट पाहिलंयस का?" पाहिलं नसेल तर उपमा रद्द.

मी शेजारच्या तिसरीला शिकवतो, त्यामुळे भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येतं. एकदा बाईंनी माझ्या डब्याचं स्टीलचं झाकण मागून नेलं आणि शाळा सुटल्यावर अख्खा वर्ग गच्चीवर चढवला. घ्यायला आलेले पालक खाली ताटकळत. जानेवारीच्या धुरकट हवेत चंद्र वर आला होता.

"बाई, चंद्र तर बिल्कुल मैला आहे," एक मुलगी म्हणाली.

"मैला नाही, मळका," बाई म्हणाल्या आणि सगळ्यांना वहीत लिहायला लावलं: दिल्लीचा चंद्र नीट न घासलेल्या झाकणासारखा दिसतो. झाकण माझ्या बायकोनं घासलं होतं. घरी मी हे बोललो नाही.

गेल्या वर्षी शाळेच्या समितीतले एक साहेब वर्ग बघायला आले. निसर्गकवितेचा तास चालू होता. "ढग कशासारखे दिसतात?" साहेबांनी विचारलं. त्यांना कापूस हवा होता. उठली सना मुलाणी. वडील केंद्र सरकारच्या कचेरीत, घर आर. के. पुरमला, रोज बसनं येणारी. म्हणाली, "बसच्या फाटलेल्या सीटमधून स्पंज बाहेर येतो ना, तसे."

साहेब हसले. "चूक. कापसासारखे."

"तिनं कापूस कुठे पाहिलाय, साहेब?" बाई म्हणाल्या. "तुम्ही तरी पाहिलाय का?"

"यवतमाळला आमचा तीस एकर कापूस आहे."

बाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "मग तुमचं बरोबर," त्या म्हणाल्या, "आणि तिचंही."

चौथीतल्या मुलीशी बरोबरीत सुटणं साहेबांना जड गेलं. चहा न घेताच गेले. मुख्याध्यापिकांनी बाईंना बजावलं, परीक्षेत कापूसच लिहून घ्या. सनाला पैकीच्या पैकी मिळाले. तिनं काय लिहिलं होतं ते मुख्याध्यापिकांनी विचारलं नाही, बाईंनी सांगितलं नाही.

मार्चमध्ये सनाच्या वडिलांची नागपूरला बदली झाली. शेवटच्या दिवशी बाईंनी तिची मराठीची वही "तपासायची राहिलीय" म्हणून ठेवून घेतली आणि तिला नवी कोरी वही दिली.

दुसऱ्या दिवशी खडू शोधताना मी बाईंचं कपाट उघडलं. आत जुन्या वह्यांची चळत. प्रत्येक वहीवर मुलाचं नाव आणि खाली बदलीचं गाव: भोपाळ, चेन्नई, गुवाहाटी. सगळ्यात वर सनाची. बाई दारात उभ्या होत्या.

"एवढ्या वह्या?" मी विचारलं.

"दर तीन वर्षांनी निम्मा वर्ग निघून जातो," त्या म्हणाल्या. "फोन करू म्हणतात. लहान असतात हो, विसरतात."

मग पुढे होऊन त्यांनी सनाच्या वहीचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

"खडू खालच्या खणात आहेत," त्या म्हणाल्या.