सामान जागेवरच राहू द्या

दिल्लीची गाडी जळगाव स्टेशनावरूनच जाते. तिच्यात बसलं की दुसऱ्या दिवशी दिल्ली. तरीही एक्क्याण्णव साली दिल्लीला जायला मी आधी उलट्या दिशेनं मुंबई गाठली, कारण मला विमानात बसायचं होतं. (ऑफिसातला रतिलाल एकदा बसून आला होता आणि दर चहाला सांगायचा.)

आमची प्रमिला दिल्लीत दिलेली. लग्नाला वर्ष झालं होतं, मूलबाळ अजून नव्हतं. आणि लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही, ही आमच्याकडची रीत. म्हणून आमच्या कुंदाबाईंनी मुक्कामभर पुरेल एवढी शिदोरी एका कापडी पिशवीत कोंबली. दशम्या, कळण्याच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा. दिल्लीत आम्ही जगणार ते त्या पिशवीवर.

विमानात समोरच्या खिशातलं सूचनांचं कार्ड मी पाठ केलं. दुसऱ्या कोणी त्याला हातही लावला नाही. पण मी पडलो कचेरीतला माणूस, छापील सूचना दिसली की मान आपोआप डोलते.

दिल्लीला विमान टेकलं आणि मागून धूर आला. एकच आरडाओरडा. हवाईसुंदरी ओरडली, "सामान छोड़िए, कूदिए!" दाराला रबराची घसरगुंडी फुगली. आणि कुंदाबाई पिशवी पोटाशी धरून उभ्या.

"सोड ती पिशवी!"

"नई सोडत. लेकीच्या घरी मंग काय खाऊ, तुमचं डोकं?"

"सामान जागेवरच राहू द्या, असं कार्डावर लिहिलंय!"

"कार्ड लिहिनाऱ्याची लेक दिल्लीले दिली होती का?"

याचं उत्तर कार्डावर नव्हतं. मी पिशवी हिसकली, सीटवर ठेवली आणि बायकोला घसरगुंडीवर ढकललं. (संसारात तिला ढकलायची माझी ही पहिलीच वेळ. तीही सूचनेनुसार.) उंच टाचांच्या चपला काढा, असंही कार्डावर होतं. माझ्या वहाणांना टाच नव्हती, पण उगाच नियमात अडकायला नको म्हणून त्याही काढून ठेवल्या.

सगळे सुखरूप उतरले. धूर किरकोळ निघाला. सामान मात्र चौकशी संपल्यावर मिळेल म्हणाले, आणि चौकशी कधी संपते ते मला कचेरीमुळे चांगलं ठाऊक होतं.

प्रमिलाच्या घरात पाऊल टाकलं तर वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीचा घमघमाट. कुंदाबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या.

"मी काई खानार नई. पिशवी ज्यांनी सोडली त्यांले विचारा."

खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात प्रमिलानं डाव खाली ठेवला. "आई जेवत नाही तर मीपण नाही जेवणार," म्हणाली आणि रडायलाच लागली.

कुंदाबाईंनी लेकीकडे पाहिलं. उठल्या, ताटावर बसल्या, आणि तूप ओतून तीन बट्ट्या खाल्ल्या. चला, प्रश्न मिटला, म्हणून मीही पाट ओढला.

"तुम्ही कुठं बसता?"

"जेवायला."

"कन्यादान कोनी केलं?"

"आपण दोघांनी."

"दान तुम्ही केलं. मी नुसतं पानी सोडलं. दिलेल्या घरचं खाता? काई लाज?"

जावईबापू माझ्या बाजूनं काहीतरी बोलायला गेले. कुंदाबाईंनी नुसतं पाहिलं, आणि ते पुन्हा वरणात शिरले.

मी जावईबापूंच्या चपला घालून बाहेर पडलो. कोपऱ्यावर केळ्यांची गाडी होती. "कहाँ के हैं?" विचारलं. "भुसावल के, बाबूजी. एकदम बढ़िया." जळगावात फुकट आलेली केळी मी शेजाऱ्यांकडे पाठवतो. तिथं उभ्या उभ्या सहा खाल्ली, आणि मोजून पैसे दिले.

परत आलो तर कुंदाबाई दारातच. चेहरा तृप्त.

"कुठं गेले होते?"

"केळी खायला."

त्यांनी माझे दोन्ही हात निरखून पाहिले.

"आन् लेकीच्या घरी असे रिकाम्या हातानं आले?"