शून्य धरलेली बाई

धाकट्याला निरोगी रक्त हवं होतं आणि आपल्याइतकं निरोगी माणूस उभ्या गावात नाही, याबद्दल आईला तिळमात्र शंका नव्हती. एकसष्ट वर्षांत तिने दवाखान्याची पायरी चढलेली नव्हती. चढणाऱ्यांना ती नाजूक म्हणायची, आणि सुनेला तर तोंडावर म्हणायची.

धाकट्याने विद्यापीठातल्याच दोन खोल्यांत आपल्या सरांबरोबर कंपनी काढली होती. निसर्गात नसलेला एक रेणू त्यांनी घडवला होता. रक्ताच्या थेंबात मूत्रपिंडाच्या रोगाची खूण असली, की हा रेणू तिला चिकटणार आणि चमकणार. माणसाला दुखायच्या आधी रोग कळणार. फक्त यंत्राला आधी निरोगी रक्त दाखवायचं आणि त्या चमकेला शून्य धरायचं.

"बाहेरची दहा माणसं कशाला शोधता? मी आहे की," आई म्हणाली.

सून हळूच म्हणाली, "आई, तुमची एकदा तपासणी करून घेऊ या का?"

"तुझ्या माहेरी करतात तपासण्या. इथे रक्तच चांगलं आहे."

झालं. दर सोमवारी आई नवं लुगडं नेसून प्रयोगशाळेत जायची, बोट पुढे करायची. तिथली पोरं तिला शून्यआजी म्हणायची आणि तिला तो मोठा मान वाटायचा.

पण रेणू काही केल्या चालेना. इस्पितळातून चांगल्या खंगलेल्या रोग्यांचं रक्त आणावं, तर यंत्र म्हणे शून्य, नाहीतर एक. धाकट्याने रेणू मोडला, पुन्हा जोडला. असे अकरा रेणू झाले, आठ महिने गेले, डोक्यावरचे केस गेले. आई त्याला वर ऐकवायची, "एवढं शिकून आंधळा रेणू जन्माला घातलास."

शेवटी पैसे लावणाऱ्या बाई आल्या. आज जमलं नाही तर खोल्यांना कुलूप. बाईंनी स्वतःचंच बोट पुढे केलं. यंत्राने दाखवलं, उणे चाळीस.

"उणे म्हणजे?" बाईंनी विचारलं.

सर घाम पुसत म्हणाले, "म्हणजे तुम्ही निरोगी माणसापेक्षाही निरोगी आहात."

मग आईबरोबर आलेल्या सुनेचं रक्त घेतलं. उणे एकोणचाळीस. बाईंच्या ड्रायव्हरचं, उणे बेचाळीस. धाकटा भिंतीला टेकला. बाईंनी पर्स उचलली.

आईला राहवेना. अठरा वर्षं भाजी विकून तिने याला शिकवलं होतं.

"अरे शहाण्यांनो," ती म्हणाली, "सगळ्यांचाच माल उणा भरतोय तर खोट मालात नसते, वजनात असते. तुमचं वजनच जड आहे. कुठून आणलंत ते?"

सगळे तिच्याकडे बघत राहिले. आईही तोऱ्यात एकेकाकडे बघत होती. मग बघता बघता तिचा तोरा उतरला.

"रेणू चालतोय," धाकटा पुटपुटला. "आई, पहिल्या दिवसापासून चालतोय." सरांनी त्याला मिठी मारली. पोरं एकमेकांच्या पाठी थोपटू लागली. आईला खुर्ची दिली ती सुनेने.

पैसेवाल्या बाई व्यवहाराला पक्क्या. "आजींची इस्पितळात तपासणी करा," त्या म्हणाल्या. "रोग निघाला तर आपण पुढे बोलू. नाही निघाला तर रेणू खोटा."

दुसऱ्या दिवशी अख्खी कंपनी इस्पितळाच्या बाकांवर. आपण आजारी निघावं म्हणून इतकी माणसं डोळे लावून बसलेली आईने जन्मात पाहिली नव्हती. आणि खरं सांगायचं तर तीही तेच मागत होती. पोराच्या खोल्यांना कुलूप लागलेलं तिला बघायचं नव्हतं.

डॉक्टरांनी कागद वाचला. "दोन्ही मूत्रपिंडं बरीच गेलीत." धाकट्याच्या चेहऱ्यावर हसू आलंच. ते त्याने गिळलं, पण आईने बघितलं ते बघितलं.

"रोग लपूनछपून वाढतो हा," डॉक्टर म्हणाले. "सात-आठ महिन्यांपूर्वी आणलं असतं तर गोळ्यांवर भागलं असतं. आता डायलिसिसची तयारी ठेवा. तेव्हाच का नाही आणलंत यांना?"

धाकट्याने मान खाली घातली. सर छताकडे बघू लागले.

"तेव्हा सवड नव्हती, डॉक्टर," आई म्हणाली. "मी यांच्याकडे निरोगी म्हणून कामाला होते."