टेपचं दुसरं टोक

आमच्या आळीत नानांच्या टेपचं टोक धरलं नाही असा माणूस सापडणार नाही. तुम्ही दुधाला निघा नाहीतर बँकेत, नाना फाटकातून हात काढणार, "अगो, जरा धर." आपण धरायचं. नाना टेपचा डबा घेऊन अंगणाच्या टोकापर्यंत जाणार, माप घेणार, आणि ते लिहून ठेवायचं सोडून विचारणार, "चहा घेतेस?"

नाना निवृत्त चित्रकला शिक्षक. सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावरच्या, कातळशिल्पांसाठी इथे छोटं संग्रहालय व्हायचं ठरलं, तेव्हा लोकांनी हाताळून बघायच्या वस्तू करायचं काम त्यांच्याकडे आलं. पाट्या लिहायचं माझ्याकडे. माझ्या पहिल्याच पाटीत आदिमानव, सामूहिक मालकी आणि सड्यांवर डोळा ठेवून बसलेले जमिनीचे दलाल, सगळे होते. नाना म्हणाले, "झकास. आता यात हत्ती दाखव." पाटी हत्तीच्या शिल्पाची, आणि हत्ती राहिलाच होता.

नानांचा जीव एका हौदात अडकलेला. त्यात जांभ्या दगडाची भुकटी. एकाने काठीने हत्ती काढायचा, दुसऱ्याने उंच चौथऱ्यावरून सांगायचं.

"सड्यावरचा हत्ती एवढा मोठा, की काढणाऱ्याला फक्त पाय दिसणार. लांबून कोणीतरी ओरडलं असणारच, मेल्या, सोंड वाकडी जातेय."

समितीच्या अध्यक्षांना हे पटेना. "एकटा माणूस आला तर? बटण लावा. दाबलं की हत्ती उजळेल."

"मग घरचा टीव्ही काय वाईट?"

"शनिवारी येतो. एकट्याला जमलं नाही, तर हौद काढायचा."

मी लगेच बटणशाहीविरुद्ध पत्रक लिहिलं. नानांनी ते घडी घालून डुगडुगत्या चौथऱ्याखाली सारलं. "उपयोगी पडलं हो."

शनिवारी अध्यक्ष आले. बाजारात जायचं होतं म्हणून पत्नीही बरोबर. अध्यक्षांनी काठी घेतली आणि बराच वेळ खपून एक फणस काढला. बाई न सांगताच चौथऱ्यावर चढल्या.

"अहो, सोंड डावीकडे. तुमची डावी. घरी तरी कधी ऐकता?"

बाजार राहिला. शेवटी अध्यक्ष घाम पुसत वर चढले. खाली हत्ती होता. ते त्याच्याकडे बघतच राहिले.

"राहू दे हौद," ते म्हणाले. "पण एकटा आला, तर त्याच्या जोडीला रोज कोण बसणार?"

"मी आहे की," नाना म्हणाले. अध्यक्षांचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पाट्या दाखवायला नानांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी, माई, गेल्यापासून त्या घरात नाना एकटेच. दार उघडं होतं. नाना पाठमोरे, खिडकी मोजत होते. टेपच्या टोकाला असतो तो पत्र्याचा हूक त्यांनी चौकटीला सफाईने अडकवला होता, आणि टेप ताठ उभी होती. कोणी धरायची गरजच नव्हती.

माझी चाहूल लागली तसा त्यांनी हूक हळूच सोडवला.

"बरी आलीस गो. जरा धर."

मी धरलं.