निर्व्यसनी माणसाची लघवी

मेव्हण्याला आयुष्यात एकदा तरी काहीतरी स्वतःहून द्यावं असं मी ठरवलं, आणि तिथेच गाडं घसरलं. (तोवर माझ्याकडून त्या घराला फक्त सल्ले गेले होते.)

मी देवसिंग राठोड, पुसदच्या एका शाळेत क्लार्क. वय एक्कावन्न. तंबाखू नाही, सुपारी नाही. होळीला आमचा अख्खा बंजारा तांडा झुलत असतो तेव्हा मी एकटा सरबत पिऊन सरळ चालतो. याचा मला भयंकर अभिमान. हंसाबाई, म्हणजे आमची बायको, म्हणते की लोक पिऊन जेवढे बडबडत नाहीत तेवढे हे न पिता बडबडतात.

तिचा सगळ्यात धाकटा भाऊ बादल कापसाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. मग कापसाची ती वाईट वर्षं आली, सरकी काढणारं जिनिंग बंद पडलं, मालकाने ट्रक विकला आणि बादल वर्षभर दुसऱ्यांच्या गाड्यांकडे बघत बसला. अशात मुकुटबनजवळच्या एका कारखान्यात त्याची ड्रायव्हर म्हणून निवड झाली. नोकरी कायमची, फक्त मेडिकल राहिलं होतं. तिथल्या दवाखान्याने त्याच्या हाती नावाची चिठ्ठी डकवलेली प्लास्टिकची डबी दिली आणि सांगितलं, सोमवारी सकाळची पहिली लघवी घरून भरून आणा, नशापाणी तपासायचं आहे.

डबी घेऊन बादल थेट आमच्याकडे आला. चेहरा उतरलेला. (घरी आम्ही गोरबोलीत, म्हणजे बंजारा भाषेत बोलतो. तुमच्या सोयीसाठी इथे वऱ्हाडीत बोलतो.)

"भाऊजी, महाशिवरात्रीले एका दोस्ताच्या वावरात भांग घेतलती. एक गिलास."

"किती दिवस झाले?"

"अठरा. पण निंगली तं? नोकरी गेली नं मंग!"

हंसाबाई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "खरं सांगून दे नं त्याईले. एका गिलासानं काय होते?"

इथे शहाण्याने गप्प बसावं. मी उठून उभा राहिलो. "बादल, आण ती डबी इकडे. या घरात निर्व्यसनी माणूस कोण आहे?"

"कायले फंदात पडून राह्यले तुमी?" हंसाबाई म्हणाली. पण मी पडलो.

सोमवारी पहाटे उठलो. डबीवर लिहिलं होतं, 'बादल रामसिंग पवार, वय २६'. भरता भरता मला एकदम तरुण झाल्यासारखं वाटलं. बादल पहिल्या एसटीने डबी घेऊन गेला आणि मी शाळेत दिवसभर, कोणी विचारत नसताना, चारित्र्यावर बोललो.

पाच दिवसांनी बादल परत आला.

"भाऊजी, भांग नाही निंगली."

"बघ! माझी आहे म्हटलं."

"दुसरंच निंगलं. ॲम्फेटामाइन का काय म्हणून राह्यले. डायवर लोक झोप उडवाले खातात, ते." त्याने जवळ येऊन माझे डोळे तपासले. "भाऊजी, नेमकं काय घेता तुमी?"

"मी? अरे, मी सुपारी खात नाही!"

हंसाबाईने माझी शाळेची पिशवी उलटी केली, कोटाचे खिसे झटकले, कपाटातले कपडे हुंगले. शेवटी एक गोळ्यांची पट्टी माझ्यापुढे धरली. "तीन महिन्यापासून सकाळ-संध्याकाळ हे काय खाता मंग?"

"पित्ताची गोळी आहे ती! डॉक्टरांनी लिहून दिलेली!"

"सगळे असंच सांगतात," ती म्हणाली. पंचवीस वर्षांचा संसार, पण त्या दिवशी तिने मला चहासुद्धा लांबूनच दिला.

मी धावत आमच्या डॉक्टरांकडे गेलो. ते पोट धरून हसले. "अहो, रॅनिटिडीन आहे ही. झटपट तपासणीची पट्टी कधीकधी हिला फसते. औषध चालू आहे असं कळवलं की मोठ्या लॅबमध्ये पक्की तपासणी करतात, तिथे साफ येतं." त्यांनी तशी चिठ्ठीही लिहून दिली. मी ती न वाचताच खिशात घातली आणि बादलला घेऊन मुकुटबन गाठलं.

कारखान्याच्या डॉक्टरसाहेबांनी चिठ्ठी शांतपणे वाचली. "गोळ्या कोण घेतं?"

"मी," मी छाती काढून म्हणालो.

"आणि नमुना कोणाचा?"

"माहा," बादल म्हणाला.

साहेबांनी चिठ्ठी पुन्हा वाचली. "देवसिंग राठोड, वय एक्कावन्न. यांनी खाल्लेली गोळी तुमच्या लघवीत कशी आली?"

मग मी सगळं सांगितलं. चूक माझी आहे, त्याला शिक्षा नको, म्हणून हात जोडले. साहेब वाईट नव्हते. म्हणाले, "भांगेचं खरं सांगितलं असतं तर आम्ही सांभाळून घेतलं असतं. गोळीचंही चाललं असतं. पण नमुना बदलणाऱ्या माणसाच्या हातात गाडी कशी देऊ?"

तरी त्यांनी बादलची स्वतःची लघवी तिथल्या तिथे तपासली. नोकरीसाठी नाही, आमच्या माहितीसाठी. पंधरा मिनिटांत उत्तर आलं. एकदम साफ.

म्हणजे नोकरी भांगेने गेली नाही, गोळीनेही गेली नाही. माझ्या मदतीने गेली. परतीच्या वाटेवर वणीच्या स्टँडवर बादलने माझ्यासाठी चहा आणला आणि म्हणाला, "जाऊ द्या भाऊजी, तुमी चांगल्यासाठीच केलं." त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला तिथेच रडू आलं.

दोन वर्षं झाली. बादल आता एका ट्रकवर क्लीनर आहे. एवढा पक्का ड्रायव्हर, पण डावीकडे बसतो आणि दुसऱ्याला रस्ता दाखवतो. मला त्याच्याकडे बघवत नाही.

गेल्या आठवड्यात त्याला पुन्हा कुठूनतरी बोलावणं आलं. कुठून, ते मला घरात कोणी सांगत नाही. मेडिकल आहे एवढं कळलं, कारण हंसाबाईने माझे दोन जोड कपडे पिशवीत भरले आणि मला राळेगावला माझ्या बहिणीकडे पाठवून दिलं. म्हणाली, "त्याचं पक्कं होईपर्यंत इकडे फिरकू नका."

हे मी राळेगावहूनच लिहितोय. आज चौथा दिवस. बहीण सकाळी पुन्हा विचारत होती, "भाऊ, खरं सांग, काहून आला तू?"

मी म्हटलं, "बादलला नोकरी लावून देतोय."