शंभर टक्के पॉलिस्टर

कपड्यांचा प्रश्न मी कायमचा सोडवला होता. चार सदरे, तीन पँटी, दोन जॅकेटं, एक स्कार्फ, सगळं जुन्या कपड्यांच्या दुकानातून. आणि नियम एकच: अंगावर एका वेळी एकच प्राणी. झेब्र्याचे पट्टे असतील तर बाकी सगळं काळं. स्कार्फ सापाचा असेल तर सदरा बिनप्राण्याचा. कपाटाच्या दाराला आतून तक्ता चिकटवला होता. महिनाभर एकही जोडी पुन्हा येणार नव्हती!

हे कपडे मेलेल्या माणसांचे असतील, असं नणंद म्हणाली. मग निदान परत मागायला येणार नाहीत, असं नवरा म्हणाला. त्या दोघांना तक्ता कळला नाही.

आता माझा धंदा सांगते. मी केस ओळखते. जप्त केलेली कातडी आमच्या प्रयोगशाळेत येतात. केस सूक्ष्मदर्शकाखाली धरून तो कोणत्या प्राण्याचा, हे मी लिहून देते आणि न्यायालय ते मानतं. अठरा वर्षांत माझा एकही अहवाल उलटला नव्हता. विभागप्रमुख महिनाअखेरीस निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी मी बसणार, हे शिपायापासून सगळ्यांनी धरलं होतं. त्यांच्या खोलीच्या पडद्यांचं माप मी घेऊन ठेवलं होतं.

त्या मंगळवारी तक्त्याप्रमाणे करडं जॅकेट होतं, बिबट्याच्या ठिपक्यांची केसाळ कॉलर असलेलं. समोर बारा नवे वनअधिकारी शिकायला बसले होते. त्यातल्या एकाने चाचरत विचारलं, ही कॉलर खरी तर नाही ना?

"पॉलिस्टर," मी म्हणाले. "शंभर टक्के. लेबल वाचलंय आणि धागा जाळूनही पाहिलाय."

इथे थांबायला हवं होतं. पण शिकवायची खोड. माझ्या हाताखाली एक बाई होती. ती विद्यापीठात पहिली आली होती आणि हे कोणाला विसरू देत नाही, म्हणून सगळे तिला टॉपर म्हणतात. मी तिला म्हटलं, कृत्रिम धागा कसा दिसतो ते यांना दाखव, माझ्याच कॉलरचा घे.

कृत्रिम धागा सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर काचेच्या कांडीसारखा गुळगुळीत दिसतो. या धाग्याला कडेने खवले होते.

"मॅडम, हा केस आहे," टॉपर हळूच म्हणाली. मग आणखी हळू, पण बाराही जणांना ऐकू जाईल इतक्या आवाजात, "बिबट्या वाटतोय."

संशय आला की वस्तू जागच्या जागी, साक्षीदारांसमोर सीलबंद करायची, हा नियम मीच लिहिला आहे. साक्षीदार बारा होते आणि त्यांच्या पुढ्यात माझीच पुस्तिका उघडी होती. मी जॅकेट काढलं. आत काखेत उसवलेला सदरा होता, कारण जॅकेट काढायची वेळ येईल असं तक्त्यात कुठे नव्हतं.

विभागप्रमुख आले. मी म्हटलं, मला एकदा बघू द्या, एका मिनिटात सांगते.

"बाई, तुम्ही आत्ता तज्ज्ञ नाही," ते म्हणाले. "मालक आहात."

चौकशी सुरू झाली. दुकानदाराने मला ओळखलंच नाही. पावती तो देत नाही. तीन आठवड्यांपूर्वी हेच मला त्याचं साधेपण वाटलं होतं. नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेत गेला आणि उत्तर यायला सहा आठवडे लागले. मधल्या काळात महिनाअखेर आली. खुर्ची रिकामी ठेवता येत नाही आणि चौकशी चालू असलेल्या माणसाला तिच्यावर बसवता येत नाही. टॉपरला बसवलं. मी टाळ्या वाजवल्या, बऱ्यापैकी मोठ्याने.

अहवाल आला: पाळीव मांजर. ठिपके रंगाने काढलेले.

म्हणजे गुन्हा नाही. पण मग लेबल? लेबल अस्तराचं होतं. मी जाळलेला धागाही अस्तराचाच. नमुना नेमका कुठून घ्यावा, हा माझ्या पुस्तिकेचा पहिला धडा आहे.

टॉपरही चुकली होतीच, हे मी वरच्या साहेबांच्या कानावर घातलं. त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, की मांजर आणि बिबट्या शेवटी एकाच कुळातले. अशी चूक कोणाचीही होते. पॉलिस्टर कोणत्याच कुळात येत नाही, हे ते बोलले नाहीत. सभ्य गृहस्थ आहेत.

जॅकेट परत मिळालं, कॉलरमधून चौकोन कापलेलं. सही घ्यायला नव्या विभागप्रमुख स्वतः आल्या. अंगात बिबट्याच्या ठिपक्यांचा नवाकोरा सदरा, खाली काळी पँट. जोडी अचूक होती. माझी नजर कुठे आहे ते तिने पाहिलं.

"घाबरू नका मॅडम, पॉलिस्टर आहे," ती म्हणाली. "घालायच्या आधी तपासून घेतलंय."

मी सही केली. माझं मत कोणी विचारलं नव्हतं.