राजाच्या बाहीची शिवण

चुका काढायचा पगार मिळतो, हे सासूबाईंना पटतच नव्हतं. घरात हे काम त्या वर्षानुवर्षं फुकट करत आल्या होत्या.

सुनेला मात्र त्याच कामासाठी ऐतिहासिक सिनेमात घेतलं होतं. एका शॉटमध्ये जे जसं होतं, ते पुढच्या शॉटमध्ये तसंच आहे ना, जुन्या काळात नवी वस्तू घुसली नाही ना, हे बघायचं. तिच्या आधीच्या माणसाची नोकरी गेली ती विजेच्या खांबापायी. लढाईत सेनापतीच्या मागे खांब उभा दिसला आणि थिएटरमध्ये लोकांनी खांबालाच टाळ्या दिल्या. म्हणून दिग्दर्शकाने सुनेला आधीच बजावलं होतं, "एक चूक, की घरी." मुलाचं काम सुटलेलं, घर सुनेच्या पगारावर चाललेलं. सासूबाई हे जाणून होत्या. बोलून दाखवत नव्हत्या, एवढंच.

त्या दिवशी सून डबा विसरली. "डोकं तेवढं आठवणीने नेलंस, उपकार झाले," असं रिकाम्या दाराला सुनावून सासूबाई डबा घेऊन स्टुडिओत पोचल्या.

आत अंधारकोठडी उभी केली होती. सगळे जेवायला पांगले होते. कैदेतला राजा तेवढा कोपऱ्यात बनियनवर बसला होता. भूमिकेसाठी तो खरोखर उपाशी राहिला होता. त्याचा डगला खुर्चीवर पडलेला, आणि बाहीला ही एवढी फाट!

"आई नाही का रे तुला?" सासूबाईंनी विचारलं.

"आहे की. गावी असते."

"तरीच!"

पिशवीत सुईदोरा असायचाच. शोधून सापडू नये अशी त्यांनी फाट शिवली. मग राजाचे खोल गेलेले गाल बघून डबा त्याच्यापुढे सरकवला. डबा उघडल्यावर राजा भूमिका विसरला. त्याने चाटूनपुसून खाल्लं. शेवटी सासूबाईंनी ओल्या फडक्याने त्याचं तोंड पुसलं, तशी निम्मी उपासमार फडक्याला लागली. गाल रंगाने खोल केलेत, हे त्यांना कुणी सांगितलं होतं?

मंडळी परतली. राजाने डगला चढवला. दिव्यांचा झोत पडला आणि तो गरजला, "अन्नाचा कण नाही, अंगावर धड वस्त्र नाही..."

"थांबा!" सून ओरडली. "सकाळी बाही फाटकी होती, साहेब. आता शिवलेली आहे. आणि गाल... गाल भरलेत!"

एवढ्यात तिची नजर कोपऱ्यातल्या रिकाम्या डब्यावर गेली. डब्याशेजारी सासूबाई. तिचा चेहरा उतरला.

"उसवा ते," दिग्दर्शक म्हणाला.

कपडेपटवाल्या काकांनी दोरा ओढला. टाका सासूबाईंचा, तो कसला हलतोय! कापडच फाटत गेलं आणि बाही खांद्यापासून लोंबायला लागली.

"दुसरा डगला?"

"एवढा एकच होता, साहेब."

"कोणी शिवलं हे? कोणी?"

"मी," सून म्हणाली. "चूक माझी आहे."

सासूबाई सुनेची बाजू घ्यायला पुढे सरसावल्या. पण तोंडाला सवय नव्हती, त्यामुळे निघालं ते भलतंच. "हिने? हिला बटण लावता येत नाही! माझी शिवण आपल्या नावावर खपवतेस होय गं?"

"आई, गप्प बसा ना!"

"का बसू? ऐका हो साहेब. शिवलं मी, खायला घातलं मी. हिने भरल्या लोकांत चूक धरली. पगार त्याचाच देता ना हिला? मग घरी पाठवायचं तर मला पाठवा."

तेवढ्यात राजाने ढेकर दिला.

"साहेब," सून हळूच म्हणाली, "मधे एक शॉट घातला तर जुळेल. राजाची आई चोरून भेटायला येते. त्याला भरवते, बाही शिवते."

"सकाळी फाट एवढी मोठी नव्हती."

"कैदेत फाट वाढतेच, साहेब."

दिग्दर्शकाने डोकं खाजवलं. "पण आत्ताच्या आत्ता आई कुठून आणू?"

सगळ्यांच्या माना सासूबाईंकडे वळल्या.

त्यांना शाल पांघरवून बसवलं. "चष्मा काढा, आई," सून म्हणाली. "त्या काळी नव्हता."

"मग मला दिसणार काय?"

"अंदाजाने शिवा."

सासूबाईंनी अंदाजाने शिवलं. वर राजाला दटावलंही, "हलू नको मेल्या!" राजाच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. दिग्दर्शक खूश. "कट! उठा आजी."

सासूबाई उठल्या. राजाही उठला. बाही शालीला पक्की शिवली गेली होती.

"उसवा," दिग्दर्शक म्हणाला. कपडेपटवाले काका मागे सरले.

शेवटी सूनच कात्री घेऊन आली. शाल कापता कापता पुटपुटली, "आई, आज वाचवलंत मला."

आभाराच्या शब्दांची सासूबाईंच्या जिभेला ओळख नव्हती. माझ्यासाठी ही नोकरीवर पाणी सोडायला निघाली होती, हे मनातून जात नव्हतं. त्यांनी सुनेच्या केसातलं कोठडीचं गवत काढून टाकलं.

"नजर चांगली आहे हो तुझी," त्या म्हणाल्या. "माझ्यावर गेलीस."