सासरेबुवांची पाठ

"बाबांनाही घेऊ या की बरोबर," असं मी म्हणालो ते केवळ रीत म्हणून. समोरच्याने "कशाला, राहू दे" म्हणायचं, हे त्या रीतीतच येतं. पण बायकोने, सेत्सुयोने, लगेच फोन लावला, आणि सासरेबुवा निघायच्या आदल्या दिवशीच पिशव्या घेऊन आमच्या दारात हजर झाले.

मी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या खिडकीत बसतो. यंदाच्या थंडीत गावातले निम्मे नळ गोठून फुटले, आणि प्रत्येक नळ जणू मीच दातांनी फोडला अशा सुरात लोक माझ्याशी बोलले. वाकून वाकून माफी मागताना पाठीचं पार धनुष्य झालं. डॉक्टर म्हणाले, गरम झऱ्यावर जा आणि नुसते पडून राहा. (हे एकच काम मला कोणाच्या मदतीशिवाय जमतं, असं सेत्सुयोचं मत आहे.)

तर डोंगरातली ही जुनी सराई. बसथांब्यापासूनचा चढ मी सासरेबुवांच्या पिशव्या घेऊन चढलो. त्यांनी जन्मभर कौलं भाजली. वजनावरून त्यातली काही बरोबर आणली असावीत. माणूस अबोल. मला काही सांगायचं असलं तर ते सेत्सुयोला सांगतात, मी शेजारी बसलेला असलो तरी.

पोचल्याबरोबर मी अंग घासून गरम पाण्यात उतरलो. बोटांच्या मनुका झाल्या तेव्हाच बाहेर आलो. चष्मा खोलीत, कानात पाणी, अंगावर सराईचा निळ्या रेघांचा झगा. बोळातली कागदी सरकती दारं सगळी एकसारखी. (चष्मा असता तरी एकसारखीच दिसली असती, एवढी माझी बाजू लक्षात घ्यावी.) मी आपलं समजून एक दार सरकवलं. आत गादीवर, उशीत तोंड खुपसून, एक म्हातारी पाठ पडली होती.

"आलास? किती वाट बघायची माणसाने," पाठ म्हणाली. "कमरेपासून सुरू कर."

सासरेबुवा आज थेट माझ्याशी बोलले, याचाच मला इतका धक्का बसला की मी मुकाट्याने गुडघे टेकले. माझी स्वतःची कंबर कुरकुरत होती, पण नाही म्हणायलाही अंगात थोडी ताकद लागते. ती नव्हती. मी दाबू लागलो.

हळूहळू पाठ सैल झाली, तसा आवाजही.

"हातात जीव आहे हो तुझ्या. या घरात किती वर्षं झाली तुला?"

"वीसेक होतील."

"दमलास?"

खोटं बोलवेना. "फार," मी म्हणालो.

"कदर करतं का कोणी?"

आता समोर चेहरा नव्हता, नुसती पाठ होती. पाठीशी बोलायला धीर लागत नाही. मी म्हणालो, घरातल्या बाई तोंडाने फटकळ आहेत, पण मनाने वाईट नाहीत. वडीलमाणसांकडून मात्र कधी दोन गोड शब्द मिळाले नाहीत. मिळाले असते तर बरं वाटलं असतं.

"म्हातारे असेच असतात," पाठ उसासून म्हणाली. "माझं ऐक. सोड हे घर. तुझ्यासारख्याला दुसरीकडे कुठेही हसत ठेवून घेतील."

माझे डोळे भरून आले. जावयाच्या सुखासाठी मुलीचा संसार मोडायला निघालेला सासरा मी ऐकलासुद्धा नव्हता.

"पण मग सेत्सुयोचं काय?" मी विचारलं.

"कोण सेत्सुयो?"

वय झालंय, असं मनाशी म्हणत मी हळूच आठवण दिली, "बाबा, तुमची मुलगी."

पाठ उलटी झाली. पलीकडच्या बाजूला झुबकेदार मिशा होत्या. सासरेबुवांना मिशा नाहीत.

तेवढ्यात दार सरकलं. सराईची मालकीण पांढऱ्या कोटातल्या मालीशवाल्याला घेऊन उभी होती. उशीर झाल्याबद्दल ती कपाळ चटईला टेकवून माफी मागू लागली. मग मिशांनी तिला विचारलं, हा मालीशवाला, तर इतका वेळ माझ्या पाठीवर कोण होतं? सगळे माझ्याकडे बघू लागले. "पाणीपुरवठा," मी म्हणालो, आणि वाकून वाकून मागच्या मागे बाहेर पडलो.

आमची खोली अगदी शेजारची निघाली. मधली भिंत म्हणजे नुसतं नाव. सेत्सुयो रुमालात तोंड लपवून हसण्याने गदगदत होती. सासरेबुवा चहाचा पेला धरून बसले होते, आणि त्यांच्या तोंडावरून कळत होतं की दोन गोड शब्दांसकट सगळं त्यांच्या कानी गेलं आहे.

त्यांनी पेला खाली ठेवला. उठले, माझ्यासाठी अंथरलेल्या गादीवर पालथे झाले आणि थेट मला म्हणाले, "बघू."

मी पुन्हा गुडघे टेकले. कौलासारखी टणक पाठ. अंगठे बधिर होईपर्यंत दाबली, रगडली, खांद्यापासून कमरेपर्यंत एक इंच सोडला नाही. सेत्सुयोसुद्धा हसायची थांबून बघत राहिली. बऱ्याच वेळाने सासरेबुवांनी उशीतून तोंड बाहेर काढलं.

"त्या माणसाला एवढं काय आवडलं," ते म्हणाले, "कळत नाही."